आधी विचारा, काय बदललं?

सोमवारी संध्याकाळी आमच्या विभागातल्या निवासी डॉक्टरचा फोन आला. ‘सर, ओपीडीच्या कॉम्प्युटरला अपग्रेड लावलंय. सकाळपर्यंत होऊन जाईल.’ मी ‘बरं’ म्हटलं आणि विसरून गेलो. मंगळवारी सकाळी ओपीडीत पोचलो, तर संगणकाभोवती चारजण उभे होते. पडदा काळा होता आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. संगणक सुरू करण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ. बोलावून आणलेले तंत्रज्ञ म्हणाले, ‘फॉरमॅट मारावं लागेल सर. दोन तासांत नवीन करून देतो.’

फॉरमॅट करायचं म्हणजे डिस्क पुसून पुन्हा पहिल्यापासून सगळं बसवायचं. एरवी मी मान डोलावली असती. पण मंगळवार हा आमच्याकडे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचा दिवस असतो, आणि त्यांच्या आठ वर्षांच्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या. शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा, तोही पेन ड्राइव्हवर. हा हलगर्जीपणा माझाच. दर महिन्याला नोंदींची प्रत काढायची असं मीच ठरवलं होतं आणि मीच पाळलं नव्हतं.

त्या दिवशी संगणकाच्या आणि रुग्णांच्या बाबतीत आम्हाला एकच पद्धत वापरावी लागली. ती घरच्या संगणकालाही लागू पडते, म्हणून आज हा विषय.

त्या नोंदींचं मोल

लहानपणी संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर येऊन गेलेल्या काही जणांच्या हृदयाची झडप पुढे खराब होते. ती बदलून धातूची झडप बसवली, तर तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आयुष्यभर वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमेरॉलसारखी गोळी घ्यावी लागते. रक्त किती पातळ झालं आहे, हे ‘आयएनआर’ या तपासणीतून कळतं. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मायट्रल जागी धातूची झडप असेल, तर तो साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. त्याहून कमी झाला तर गुठळी होऊन झडप अडकण्याची किंवा पक्षाघाताची भीती. फार वाढला तर रक्तस्राव, आणि तो मेंदूत झाला तर जिवावर बेतणारा.

या गोळ्यांचा डोस माणसागणिक वेगळा असतो. एकाला जेवढा पुरतो, तेवढ्यात दुसऱ्याला रक्तस्राव होईल. एकाच माणसातही आहार, आजारपण आणि इतर औषधं यांमुळे आयएनआर वरखाली होतो. म्हणून आजचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. मागच्या वेळी किती होता, तेव्हा डोस काय होता आणि नंतर तो बदलला का, हे शेजारी दिसलं तरच निर्णय घेता येतो.

मी तंत्रज्ञांना म्हटलं, ‘ओपीडी संपेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही.’ संगणक बंद केला, प्लग काढला. सिस्टरांनी कपाटातून कोरं रजिस्टर काढलं, पट्टीनं रकाने आखले आणि आम्ही कागदावर सुरू झालो.

हातात इतिहास नसताना

बऱ्याच रुग्णांकडे कार्ड होतं, त्यांचं अडलं नाही. ज्यांच्याकडे नव्हतं पण आयएनआर नेहमीच्या पट्ट्यात होता, त्यांच्या पिशवीतल्या गोळ्या पाहिल्या आणि तोच डोस सुरू ठेवला. अडचण उरलेल्यांची होती.

एक तरुण आला. आयएनआर १.४, म्हणजे धोकादायकरीत्या कमी. कार्ड घरी राहिलं होतं. ‘रोज दोन गोळ्या घेतो’, एवढंच तो सांगत होता. कुठल्या गोळ्या? वॉरफरिन आणि ॲसेनोकुमेरॉल यांचे मिलिग्रॅम सारखे धरून चालत नाही. ॲसेनोकुमेरॉलचा परिणाम साधण्यासाठी वॉरफरिन मिलिग्रॅममध्ये त्याच्या साधारण दुप्पट लागतं. औषधाचं नाव न कळता डोस वाढवणं म्हणजे अंधारात गाडी चालवणं. त्यानं बहिणीला फोन लावला, तिनं पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. ॲसेनोकुमेरॉल होतं. शिवाय घरी लग्नकार्य असल्यानं आठवड्यात तीनदा गोळी चुकली होती. मग डोस कायमचा वाढवायची गरज नव्हती. चुकलेल्या गोळ्यांमुळे आकडा घसरला होता. त्या दिवसापुरती त्याची व्यवस्था केली आणि लवकरची पुढची तारीख दिली.

त्यानंतर एक आजी आल्या. दोन एसट्या बदलून पहाटेच निघालेल्या. आयएनआर ५.८. कुठे रक्तस्राव नाही, डोकं दुखत नाही, लघवी लाल नाही. ‘आजी, गोळ्यांमध्ये काही बदल?’ ‘नाही बाबा, तुम्ही दिल्यात त्याच.’ कार्ड पावसात भिजून अक्षरं पुसली होती. डोस मुळातच जास्त झाला आहे की मधेच काही घडलं आहे, हे ठरत नव्हतं. डोस जास्त असेल तर कमी करायला हवा. पण मधे काही घडलं असेल आणि मी डोस कायमचा कमी केला, तर ते कारण संपल्यावर आयएनआर खाली घसरेल आणि झडपेवर गुठळी होईल.

मी पुन्हा विचारलं, ‘मधे काही दुखलं-खुपलं? दुसऱ्या कुणाचं औषध?’ तेव्हा म्हणाल्या, ‘आठ दिवसांमागं जुलाब लागले होते. गावातल्या डॉक्टरांनी दिल्या होत्या गोळ्या.’ पदराच्या गाठीतून अर्धं पाकीट निघालं. मेट्रोनिडॅझोल. हे औषध वॉरफरिनचं विघटन मंदावतं आणि आयएनआर वाढवतं. त्यात जुलाबामुळे जेवणही कमी झालेलं. संशय पक्का झाला, पण आधीचे आकडे मिळाले असते तर खात्री झाली असती. त्यांना वॉर्डाजवळच्या बाकावर बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि दुपारपर्यंत थांबायला सांगितलं.

संगणकाचा केसपेपर

ओपीडी दीडला संपली. मग आम्ही संगणकाकडे वळलो. मी निवासी डॉक्टरला समोर बसवलं आणि कागद घेऊन रुग्णाची हकीकत लिहितात तशी लिहायला सुरुवात केली. काल दुपारी संगणक कसा होता? आधी काय केलं? मग काय दिसलं? त्यानंतर कुणी काय बदललं?

हकीकत अशी निघाली. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून पडद्यावर सूचना येत होती आणि त्यानं विंडोज ११ चं अपग्रेड सुरू केलं. संगणक एकदा बंद होऊन चालू झाला, काही टक्के काम झालं आणि मग ‘केलेले बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाचा संदेश आला. थोड्या वेळानं जुनं विंडोज १० पूर्वीसारखं सुरू झालं.

इथे मी त्याला थांबवलं. म्हणजे अपग्रेड फसलं होतं, पण संगणक बिघडला नव्हता. अपग्रेड पूर्ण होऊ शकलं नाही, तर शक्य तेवढं मागं फिरून जुनी व्यवस्था पूर्ववत करायची, अशी योजना या प्रणालीत केलेली असते. त्या क्षणी आमच्या सगळ्या नोंदी जागेवर होत्या.

‘मग?’ ‘मग सर, मी पुन्हा लावलं.’ दुसऱ्यांदाही तेच झालं. रात्री अकराला त्यानं एका मित्राला विचारलं. मित्राच्या सांगण्यावरून संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीन गोष्टी बदलल्या. त्यानंतर पडदा काळा.

वैद्यकात उपचारांमुळेच होणाऱ्या आजाराला वेगळं नाव आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. आमच्या संगणकाला दोन आजार होते. पहिला अपग्रेडला अडवणारा. दुसरा रात्री अकराचा, आम्हीच दिलेला. आणि आम्ही दोन्ही एकच समजून डिस्क पुसायला निघालो होतो.

दुसऱ्याचा उलगडा सोपा होता. संगणक चालू झाला की विंडोजच्या आधी एक छोटी प्रणाली जागी होते. ती डिस्क शोधते आणि विंडोजला सुरू करते. हे करायच्या दोन पद्धती आहेत. जुनी ‘लेगसी’ आणि नवी ‘यूईएफआय’. विंडोज ज्या पद्धतीनं बसवलेलं असतं, त्याच पद्धतीनं ते सुरू होतं. आमचं विंडोज नव्या पद्धतीचं, आणि रात्री सेटिंग गेलं होतं जुन्यावर. डिस्क जागेवर होती, माहिती जागेवर होती, फक्त ती शोधायची रीत चुकली होती. सेटिंग पूर्ववत केलं. अडीचच्या सुमारास नेहमीचा निळा पडदा उघडला.

सिस्टर म्हणाल्या, ‘आधी कॉपी काढा.’ नोंदींची प्रत दोन पेन ड्राइव्हवर घेतली, दोन्ही दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या आणि मगच आजींचं नाव शोधलं. मागचे तीन आयएनआर २.८, ३.० आणि २.७. डोस एकच, बदल नाही. म्हणजे डोस योग्यच होता, मधे शिरलेल्या औषधानं घोळ केला होता. दोन दिवस गोळी बंद, मग पूर्वीचाच डोस, चौथ्या दिवशी पुन्हा तपासणी, असं लिहून दिलं. जुलाब थांबले होते, त्यामुळे मेट्रोनिडॅझोल बंद केलं. चौथ्या दिवशी आकडा ३.१ आला.

(वाचकांपैकी कुणी या गोळ्या घेत असेल, तर हे वाचून स्वतःच्या मनानं डोस बदलू नये. आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.)

मूळ आजार

पहिला आजार उरलाच होता. अपग्रेड का अडत होतं? निवासी डॉक्टरनं एक चांगली गोष्ट केली होती. पहिल्या वेळी आलेल्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात एक कोड होता, ‘०-एक्स-सी१९००१०१’, आणि त्याला जोडून ‘०-एक्स-२००१७’.

असे कोड पाहून आपण घाबरतो आणि खिडकी बंद करतो. पण रक्ताचा रिपोर्ट न वाचता फाडून टाकण्यासारखंच ते आहे. सी१९००१०१ हा कोड बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, डिस्क, नेटवर्क अशा एखाद्या भागाशी विंडोजला बोलता यावं म्हणून असलेलं छोटं सॉफ्टवेअर. काही अँटिव्हायरसही असे ड्रायव्हर बसवतात. कोडच्या दुसऱ्या भागातला पहिला अंक अपग्रेड कुठल्या टप्प्यावर थांबलं ते सांगतो. १ म्हणजे जुनं विंडोज चालू असतानाच. २ म्हणजे पहिल्यांदा बंद-चालू झाल्यावर, जिथे तात्पुरत्या छोट्या प्रणालीत फाइली बसवल्या जातात. ३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा सुरू होताना आणि ४ म्हणजे शेवटच्या मांडणीत. आमचा अंक २ होता.

दुसरे काही कोड याहून सोपे असतात. ‘०-एक्स-८००७००७०’ म्हणजे डिस्कवर जागा अपुरी. ‘०-एक्स-सी१९००२००’ म्हणजे संगणक नव्या प्रणालीच्या किमान अटीत बसत नाही. ‘०-एक्स-सी१९००२०८’ म्हणजे एखादं बसवलेलं सॉफ्टवेअर नव्या प्रणालीशी जुळत नाही. तीन वेगळे आजार आणि तीन वेगळे उपचार. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय, ‘सिक्युअर बूट’ची क्षमता, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. प्रोसेसरही मान्य यादीतला हवा. संगणक या अटीत बसत नसेल, तर अपग्रेड पुन्हा पुन्हा लावून काही होत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो. एका वेळी एकच बदल, असं ठरवलं. एकदम चार औषधं सुरू केली तर बरं कशानं वाटलं ते कळत नाही आणि अंगावर पुरळ कशानं आलं तेही कळत नाही. प्रथम लेबल प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह असं बाहेरून जोडलेलं सगळं काढलं. कीबोर्ड आणि माउस ठेवला. अपग्रेड लावलं, पुन्हा तोच कोड. म्हणजे दोष बाहेरच्या उपकरणांत नव्हता. मग बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी पाहिली. मुदत संपलेलं एक जुनं अँटिव्हायरस होतं. कुणी कधी बसवलं, आठवत नव्हतं. ते नीट काढून टाकलं, संगणक बंद करून चालू केला आणि पुन्हा अपग्रेड लावलं. दीड तासानं विंडोज ११ सुरू झालं. नोंदी उघडल्या, प्रिंटर जोडून एक लेबल छापून पाहिलं आणि मगच घरी गेलो.

मग अपग्रेड करूच नये का?

हा सगळा व्याप ऐकून एक सहकारी म्हणाले, ‘चालतंय ते चालू द्यावं ना.’ त्याचं उत्तर १२ मे २०१७ रोजी मिळालं होतं. त्या दिवशी ‘वॉनाक्राय’ नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला, आणि एका अंदाजानुसार १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या दोषातून ते शिरलं, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती, लावली गेली नव्हती. आधार संपलेल्या प्रणालीला अशा नियमित दुरुस्त्या मिळणं थांबतं, म्हणून अपग्रेड टाळत राहणं हाही धोकाच.

उलट बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशीची दुरुस्ती काय होती? संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे कमीत कमी गोष्टी चालू ठेवून सुरू करायचा आणि एक सदोष फाइल काढून टाकायची. डिस्क पुसायची गरज नव्हती. काय बदललं हे कळल्यामुळे नेमकं तेवढंच मागं घेता आलं.

घरच्या संगणकासाठी

अपग्रेडच्या आधी: महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकाबाहेर काढा आणि ती दुसरीकडे उघडते का ते पाहा. न उघडलेला बॅकअप धरू नका. डिस्कवर २०-२५ जीबी तरी जागा मोकळी ठेवा. लॅपटॉपवर ‘बिटलॉकर’ किंवा तसं एन्क्रिप्शन चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बदल झाला की संगणक ती मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही फाइली मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असेल, तर आदल्या संध्याकाळी अपग्रेड लावू नका.

फसलं तर: बदल मागे घेण्याचं काम चालू असताना वीज बंद करू नका, वेळ लागला तरी थांबा. कोडचा फोटो काढा. जुनी प्रणाली परत आली असेल, तर लगेच पुन्हा लावण्याआधी बॅकअप आहे ना ते तपासा. बाहेरची उपकरणं काढा, जुनं अँटिव्हायरस काढा, जागा पाहा. प्रत्येक बदल लिहा आणि एका वेळी एकच करा. संगणक सुरूच होत नसेल, तर शेवटी काय बदललं ते आठवा आणि प्रथम तेच पूर्ववत करा.

अपग्रेड झालं, पण नंतर काही चालेनासं झालं तर: साधारण १० दिवस जुनी प्रणाली ‘विंडोज-ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि सेटिंगमधून मागे जाता येतं. जागा हवी म्हणून तो फोल्डर लगेच पुसू नका.

‘फॉरमॅट’ हा शेवटचा उपाय. कधी तो करावाही लागतो, पण तेव्हाही आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली वाचवता येतात का, हे तंत्रज्ञांना विचारा.

आमच्याकडे आता दर मंगळवारी ओपीडी संपली की सिस्टर नोंदींची प्रत काढतात आणि माझी सही घेतात. ते कागदी रजिस्टरही बंद केलेलं नाही. रुग्णांना नवी कार्डं दिली आहेत, त्यांवर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि मागचे आयएनआर असतात. आजींच्या कार्डाला निवासी डॉक्टरनं स्वतः प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. परवा त्या आल्या तेव्हा कार्ड पुढे करण्याआधीच म्हणाल्या, ‘मधे कुणाची गोळी घेतली नाही बरं का.’